जीवशास्त्राची अंतिम परीक्षा : विद्यार्थ्याची तयारी आणि घराचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



बारावीच्या विद्यार्थ्यांनी जीवशास्त्राच्या अंतिम परीक्षेची तयारी कशी करावी, या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी स्वतः जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७४ साली उत्तीर्ण झालो. पुढे अध्यापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि १९७७ पासून २०१६ पर्यंत हायस्कूलच्या खालच्या वर्गांना मराठी व सामान्य विज्ञान शिकविले. महाविद्यालयाची पायरी मी चढलो नाही. आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांच्यासमोर मी जीवशास्त्रावर बोलणे म्हणजे काजव्याने सूर्यापुढे मिरविण्यासारखेच आहे.

तरीही मी उभा राहिलो, याचे कारण माझे ज्ञान नव्हे, माझी चूक आहे. ती चूक आपल्यापुढे मांडावी आणि ती सुधारताना जे हाती लागले ते सांगावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे. ज्याच्या बाबतीत ती चूक घडली तो माझा मुलगा या सभागृहात बसलेला आहे. त्याची अनुमती घेऊनच मी बोलत आहे.

१९९९ साली माझा मुलगा बारावीस होता. वनस्पती, पक्षी, कीटक यांची त्याला लहानपणापासून ओढ होती, म्हणून त्याने विज्ञानशाखेत जीवशास्त्र घेतले. मी शिक्षक. घरातील अभ्यास माझ्या देखरेखीखाली चालावयाचा. माझी पद्धत एकच होती : प्रश्नोत्तरांची पुस्तिका घ्यावी, एकेक उत्तर शब्दशः पाठ करावे आणि रात्री माझ्यासमोर उभे राहून म्हणून दाखवावे. एक शब्द चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. हृदयाच्या रचनेचे उत्तर तो इतके अस्खलित म्हणत असे, की शेजाऱ्यांनी ऐकत राहावे. परीक्षेत मात्र हृदयाची रचना विचारली नव्हती. शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांत जाऊन पुन्हा शरीराकडे कसे जाते, तो मार्ग क्रमाने लिहिण्यास सांगितले होते. त्याने पाठ केलेले रचनेचे उत्तर लिहिले. इतर प्रश्नांचीही थोड्याफार फरकाने हीच गत झाली. तो जीवशास्त्रात अनुत्तीर्ण झाला.

परंतु माझी खरी चूक ही नव्हे. निकालाच्या दिवशी चारचौघांच्या देखत मी त्याला म्हणालो, "हे तुझ्याच्याने होणार नाही." त्याने ते खरे मानले. पुन्हा परीक्षेस बसला नाही. एका विद्युत-दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करू लागला आणि पुढे स्वतःचे दुकान काढले. आज तो आपल्या संसारात सुखी आहे, कष्टाची भाकरी खातो आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु ते वाक्य मी बोललो नसतो तर काय झाले असते, हा प्रश्न पंचवीस वर्षे माझ्या उशाशी बसून आहे.

२०२४ च्या दिवाळीपूर्वी माझी नात, म्हणजे याच मुलाची मुलगी, बारावीच्या सहामाही परीक्षेत जीवशास्त्रात अनुत्तीर्ण झाली. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. विज्ञानशाखेत शिक्षण बहुधा इंग्रजीतून, त्यामुळे तिची मोठी ओढाताण झाली होती. मी तिला शिकवावे असे सुनेने सुचविले. त्या रात्री दुकान बंद करून आल्यावर मुलगा माझ्याजवळ बसला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, तिला शिकवा. पण मला शिकवलेत तसे नको."

मित्रहो, निवृत्तीच्या समारंभात मला शाल आणि श्रीफळ मिळाले होते. पण माझ्या शिक्षकपणाचे खरे मूल्यमापन त्या रात्री त्या एका वाक्यात झाले. दुसऱ्या दिवशी मी नातीचे पाठ्यपुस्तक हाती घेतले आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिच्याबरोबर विद्यार्थी झालो. त्या चार महिन्यांत आम्हांस जे उमगले ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट : शत्रूचे बळ मोजल्याखेरीज लढाईस निघू नये. आमच्यापुढील पुस्तकात एकंदर १५ प्रकरणे होती. वनस्पती व प्राणी यांतील प्रजननापासून आरंभ करून आनुवंशिकता, उत्क्रांती, वनस्पतींतील पाण्याचे वहन, श्वसन व अभिसरण, नियंत्रण व समन्वय, आरोग्य व रोग, जैवतंत्रज्ञान आणि अखेर परिसंस्था व जैवविविधता असा हा पट होता. लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रात्यक्षिक ३० गुणांचे. २०२५ च्या लेखी परीक्षेची विभागणी अशी होती : बहुपर्यायी प्रश्नांस १० गुण, एकेका गुणाच्या आठ प्रश्नांस ८, दोन गुणांच्या बारांपैकी आठ प्रश्नांस १६, तीन गुणांच्या बारांपैकी आठ प्रश्नांस २४ आणि चार गुणांच्या पाचांपैकी तीन प्रश्नांस १२. वेळ तीन तास. म्हणजे एका गुणामागे सुमारे अडीच मिनिटे. हा आराखडा वेळोवेळी बदलतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या वर्षाचा आराखडा पाहून घ्यावा. परंतु एक गोष्ट आकड्यांवरून उघड दिसते. दीर्घ उत्तरांना त्यात १२ च गुण होते आणि उरलेले ५८ गुण लहान व नेमक्या उत्तरांचे होते. पानभर पाठांतर करणाऱ्या माझ्या मुलाच्या पद्धतीस येथे फारच थोडी जागा होती.

दुसरी गोष्ट : वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे, आठवणे म्हणजे अभ्यास. आपली मुले तेच पान चार वेळा वाचतात, त्याखाली रंगीत रेघा ओढतात आणि पान ओळखीचे वाटू लागले की ते आले असे समजतात. ओळख निराळी आणि ज्ञान निराळे. रोज बसमध्ये भेटणाऱ्या गृहस्थाचा चेहरा आपण ओळखतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही, तसेच हे आहे. एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. शिकलेले सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. पुढे २००६ साली रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र पुस्तक मिटून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा काही वाचनानंतर पाच मिनिटांनी होत नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणती वाट धरावी ते सांगावयास नको.

आम्ही घरात नियम केला. एक उपविभाग वाचावयाचा, पुस्तक मिटावयाचे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावयाचे. मग पुस्तक उघडून राहिलेले तांबड्या शाईने भरावयाचे. तोच विषय दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर. पहिल्या दिवशी तिचा कागद तांबड्या शाईनेच भरला आणि तिचे डोळेही भरून आले. मी म्हणालो, "बाळ, तांबडी शाई म्हणजे चूक नव्हे. उद्या काय शिकायचे त्याची ती यादी आहे." हे वाक्य मी पंचवीस वर्षे उशिरा शिकलो.

तिसरी गोष्ट आकृतीची. जीवशास्त्रातील आकृती ही उत्तराची शोभा नसून पुष्कळदा तीच उत्तर असते. आकृती पाहून काढण्यात मात्र काही हशील नाही. हृदयाचेच उदाहरण घेऊ. पुष्कळ मुले उजवे अलिंद कागदाच्या उजव्या बाजूस दाखवितात आणि पुढचे सारे उत्तर उलटे होते. आकृतीतील मनुष्य आपल्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हातास येते, एवढे एकदा समजले की हा घोटाळा कायमचा मिटतो. मग रक्ताच्या एका थेंबाबरोबर प्रवास करावा. शरीराकडून महानीलांवाटे उजव्या अलिंदात, त्रिदल झडपेतून उजव्या निलयात, तेथून फुप्फुस-रोहिणीवाटे फुप्फुसात. तेथे प्राणवायू घेऊन फुप्फुस-नीलांवाटे डाव्या अलिंदात, द्विदल झडपेतून डाव्या निलयात आणि तेथून महारोहिणीवाटे पुन्हा शरीरभर. येथे एक सापळा आहे. रोहिणीतील रक्त नेहमी शुद्ध, असे मुले पाठ करतात. वस्तुतः हृदयापासून दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला. म्हणूनच फुप्फुस-रोहिणीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस-नीलेत प्राणवायूयुक्त. व्याख्या कळली तर अपवाद पाठ करावाच लागत नाही. डाव्या निलयाची भिंत जाड का? उजव्या निलयास रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलावयाचे असते, डाव्यास मात्र ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवावे लागते. मिनिटास सुमारे ७२ ठोके आणि दर ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त. नातीने गुणाकार करून पाहिला आणि कळशीकडे पाहतच राहिली.

हाच रक्ताचा प्रवास १९९९ साली विचारला होता. तो मी कोऱ्या कागदावर काढून दाखवीत असता मुलगा मागे उभा राहून पाहत होता, हे मला नंतर कळले.

चौथी गोष्ट शब्दांची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे निम्मे भय विषयाचे नसून शब्दांचे असते. आम्ही तीन रकान्यांची एक वही केली : पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात मराठी संज्ञा आणि तिसऱ्यात स्वतःच्या शब्दांतील अर्थ. ही वही करताना मला एक आनंद झाला, तो आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही. 'मायटोकाँड्रिया' या शब्दातील 'मायटो' म्हणजे ग्रीक भाषेत दोरा आणि 'काँड्रियॉन' म्हणजे कण. आपला मराठी शब्द 'तंतुकणिका' नेमके तेच सांगतो. 'क्लोरोप्लास्ट'मधील 'क्लोरोस' म्हणजे हिरवट, आणि आपण म्हणतो हरितलवक. मराठी शब्द ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती इंग्रजी शब्दाची किल्ली आधीच असते. मराठीतून शिकलेल्या मुलाने स्वतःला कमी लेखू नये. त्याच्याजवळ एका गोष्टीची दोन नावे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पाचवी गोष्ट : आपले घर आणि परसू हीच पहिली प्रयोगशाळा. फुलाची रचना पुस्तकात पाहण्यापूर्वी जास्वंदीचे फूल उभे चिरून पाहावे. पाच पाकळ्या, पुंकेसरांची एकत्र जुळून झालेली नळी, तिच्यातून वर आलेली पाच लाल टोके आणि तळाशी बीजांडे धारण करणारा अंडाशय, सारे डोळ्यांनी दिसते. भोपळ्याच्या वेलावर नरफूल निराळे आणि मादीफूल निराळे. मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच दिसत असतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून घट्ट बसते, ते अंतःशोषण. पाण्यात टाकलेली मनुका फुगते आणि मीठ लावलेली कैरीची फोड पाणी सोडते, ते परासरण. आपल्या घरातील स्त्रिया लोणचे घालताना हे प्रकरण दरवर्षी शिकवीत असतात, आपणच तिकडे लक्ष देत नाही.

द्विफलन हा भाग पुष्कळांस कठीण जातो. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एक अंडपेशीशी मीलन पावून भ्रूण होतो, दुसरे मधल्या द्वितीयक केंद्रकाशी मिळून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे बाळ रोपाची शिदोरी. मी नातीसमोर देवापुढचा नारळ फोडला. नारळाचे पाणी आणि खोबरे हाच तो भ्रूणपोष, आणि तीन डोळ्यांपैकी एकाखाली निजलेला लहानसा कोंब तो भ्रूण. आयुष्यभर मी नारळ फोडीत आलो, पण आत काय आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यानंतर ती हे उत्तर कधीही विसरली नाही.

आता आनुवंशिकतेकडे येतो, कारण याच प्रकरणाने आमच्या घरात काही पालटले. मेंडेलचे ३:१ हे प्रमाण नातीच्या गळी उतरेना. तेव्हा मी दोन नाणी घेतली. छापा म्हणजे उंचपणाचे जनुक आणि काटा म्हणजे बुटकेपणाचे. एक नाणे पित्याचे, एक मातेचे. दोन्ही एकदम फेकावयाची आणि नोंद करावयाची. नात लिहू लागली आणि नाणी फेकावयास तिने वडिलांना बसविले. शंभर वेळा फेकून झाल्यावर दोन्ही छापे २७ वेळा, एक छापा एक काटा ४९ वेळा आणि दोन्ही काटे २४ वेळा पडले. ज्यात एक तरी छापा आहे ते झाड उंच, म्हणजे ७६ उंच आणि २४ बुटकी. जवळजवळ तीनास एक. मुलगा नाणी हातात धरून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, हे एवढंच होतं?" मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

नातीने विचारले, "आबा, नेमके पंचवीस का नाही आले?" तिला मी मेंडेलचे स्वतःचे आकडे दाखविले. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत त्याला ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे २.९६ स १. निसर्ग पुस्तकातल्यासारखा काटेकोर नसतो. दाणे जितके अधिक मोजावे तितके प्रमाण स्पष्ट होते.

हा मेंडेल कोण होता हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ब्रनो येथील मठातील हा साधू शिक्षकपदाच्या पात्रतापरीक्षेत १८५० साली अनुत्तीर्ण झाला. १८५६ साली तो पुन्हा बसला, तेव्हाही यश आले नाही. त्याच वर्षी त्याने मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग हाती घेतले आणि पुढील सातआठ वर्षांत हजारो झाडे वाढवून मोजली. १८६६ साली निबंध प्रसिद्ध केला, पण त्याचे मोल कोणी ओळखले नाही. १८८४ साली तो वारला आणि १९०० साली तीन निरनिराळ्या शास्त्रज्ञांना त्याच्या कार्याचा नव्याने शोध लागला. ज्याचे नियम आज जगभरची मुले परीक्षेसाठी शिकतात तो स्वतः परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला होता. "हे तुझ्याच्याने होणार नाही" असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने ही गोष्ट आठवावी.

याच प्रकरणातील दोन गोष्टी परीक्षेच्या पलीकडे आपल्या समाजाच्या उपयोगाच्या आहेत. पहिली ही, की मुलगा होणार की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. मातेकडून नेहमी एक्स गुणसूत्र येते, पित्याकडून एक्स किंवा वाय. मुली झाल्या म्हणून ज्या सुनांना आपल्या घरांतून बोल लावले गेले, त्यांची क्षमा आपण कोणत्या पुस्तकात मागणार आहोत? दुसरी गोष्ट थॅलेसेमियाची. पती व पत्नी दोघेही या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एक अपत्य आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी नाणी नव्याने फेकली जातात. वाहक स्वतः निरोगी दिसतो, पण रक्ततपासणीने ते कळू शकते. आपण ज्ञातीतल्या ज्ञातीत सोयरिकी करतो, वधूवर मेळाव्यात पत्रिका पाहतो. तिच्या शेजारी हा रक्ततपासणीचा कागदही ठेवावा, अशी माझी मंडळास नम्र विनंती आहे.

आणखी एक कबुली देतो. प्रजननाचा धडा आला की आम्ही शिक्षक "हा घरी वाचा" असे सांगून पुढे जात असू, मीही गेलो. घरी आईवडील पुस्तक मिटावयास सांगत. मुले बिचारी ते ज्ञान भलत्या ठिकाणी शोधीत. आमच्या पुस्तकात पहिली दोन प्रकरणे याच विषयाची होती. ती सोडणे म्हणजे गुण सोडणे तर झालेच, शिवाय स्वतःच्या शरीराविषयी अज्ञानी राहणे झाले. सुनेने नातीबरोबर बसून ती प्रकरणे वाचली. मायलेकींमध्ये त्यानंतर जो मोकळेपणा आला तो कोणत्याही गुणांहून मोठा होता.

परीक्षेच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगतो. शेवटच्या महिन्यात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण येणे निराळे आणि वेळेत लिहिणे निराळे. प्रश्नातील क्रियापद अधोरेखित करावे : वर्णन करा, फरक सांगा, कारणे द्या, क्रम लिहा. माझ्या मुलाचे वर्ष या एका क्रियापदाने घेतले. दोन गुणांस दोन मुद्दे, तीन गुणांस तीन. फरक विचारला असेल तर दोन रकाने करावेत. आकृती शिसपेन्सिलीने काढावी, नावे एका बाजूस सरळ रेषेत लिहावीत आणि रेषा एकमेकींस छेदू देऊ नयेत. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांकडे दुर्लक्ष करू नये. वही वर्षभर पुरी ठेवणाऱ्यास तेथे भय नाही. आदल्या रात्री जागरण करू नये. निद्रेत मेंदू दिवसाचे शिकलेले पक्के करीत असतो. आणि पेपर संपवून आलेल्या मुलास दारातच "कसा गेला?" म्हणून उलटतपासणी करू नये. आधी पाणी द्यावे.

पाठांतराची मी सर्वस्वी निंदा करतो असे कोणी समजू नये. पाढे पाठ केल्यावाचून गणित येत नाही, तशीच शास्त्रीय नावे, क्रम व संप्रेरकांची कार्ये पाठच करावी लागतात. परंतु खुंटी आधी भिंतीत ठोकावी आणि मग तिला वस्त्र अडकवावे. अर्थ ही खुंटी आहे आणि पाठांतर हे वस्त्र. मी आयुष्यभर खुंटीवाचून वस्त्रे अडकवीत राहिलो आणि ती खाली पडली म्हणून मुलांना दोष दिला.

आपण निकाल विचाराल. माझी नात उत्तीर्ण झाली. जीवशास्त्रात तिला १०० पैकी ७१ गुण मिळाले. आज या व्यासपीठावर ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांच्या गुणांपुढे हे काहीच नव्हेत आणि पारितोषिकाच्या यादीत तिचे नाव नाही. तिने वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीचा अभ्यास करावयाचे ठरविले आहे. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला जवळ घेऊन एवढेच म्हटले, "तुझ्याच्याने होईल हे मला ठाऊक होतं." ते माझेच वाक्य होते, दुरुस्त केलेले. मुलगा बापाहून चांगला शिक्षक निघाला.

शेवटी एक विनंती. मंडळाचे हे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. ज्या मुलांना परीक्षेचे भय वाटते, ज्यांच्या घरी बसावयास जागा नाही किंवा विचारावयास माणूस नाही, त्यांच्यासाठी ते उघडावे. समाजातील डॉक्टर व प्राध्यापक मंडळींनी महिन्यातून एक तास द्यावा. उरलेले तास मी देईन. फळा पुसणे, खडू आणणे आणि मुलांबरोबर कोऱ्या कागदावर पुन्हा शिकणे, एवढे मला अजून जमते. विद्युत-दिव्यांची व्यवस्था माझा मुलगा करील, तसे त्याने मला आजच सांगितले आहे.